गळती चालू ठेवण्याबाबत

माणसाला एखादं वेड असावं, पण ते दुसऱ्याला लागणारं नसावं. पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कना हे शहाणपण आलं तेव्हा फार उशीर झाला होता. तोवर त्यांच्या वेडाचा महासंघ झाला होता, महासंघाला अध्यक्ष मिळाला होता, अध्यक्षाला मदतनीस मिळाला होता, आणि त्या मदतनिसाने हेडक्लार्कना स्वतःच्याच वेडासाठी रविवारी दुपारी दोन चाळीस ते दोन पंचावन्न अशी वेळ नेमून दिली होती.

वेड होतं शेवाळ बघण्याचं. बघण्याचं म्हणजे नुसतं बघण्याचं. ते खायचं नाही, विकायचं नाही, औषधाला उगाळायचं नाही. भिंतीसमोर बसायचं, भिंग डोळ्याला लावायचं आणि बघायचं. यात काय आहे असं ज्याला वाटेल त्याने खुशाल तसं वाटून घ्यावं. हेडक्लार्कच्या बायकोलाही अकरा वर्षं तसंच वाटत होतं, आणि शेजारणींनी विचारलं तर "हे सकाळी फिरायला जातात" असं ती सांगे.

वसाहतीच्या मागे पाण्याची जुनी टाकी होती आणि टाकीखाली दगडी भिंत. टाकीच्या एका सांध्यातून पाणी झिरपून भिंतीवर ओघळायचं. दिवसाला दोन बादल्या, जास्त नाही. तेवढ्यावर बारा हात लांब आणि पुरुषभर उंच शेवाळ माजलं होतं. दर रविवारी सकाळी सात वाजता चौघंजण आपापलं स्टूल घेऊन तिथे येत. एक हेडक्लार्क. दुसरे शिंपीकाका, ज्यांचा सगळा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात गेला होता. तिसऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. चौथा प्लंबर. हा मूळचा गळती किती आहे ते बघायला म्हणून आला होता. बघता बघता बसला तो बसलाच, आणि खर्चाचा अंदाज द्यायचा राहून गेला.

त्यांचा नियम एकच होता. पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही. अर्धा तास झाला की बाई चष्म्याचं घर टक् करून मिटत, ती घंटा. मग शिंपीकाका शेवाळाला स्पर्श न करता टेप धरून मापं सांगत आणि बाई वहीत उतरवून घेत. शास्त्रीय नावं चौघांनाही येत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावं दिली होती. मऊ होतं ती मखमल. लोंबत होती ती दाढी. गोल पुंजका होता ती मामाची टोपी. आणि एक शेवाळ कधीच सरळ वाढायचं नाही, दरवेळी भलत्याच फटीतून डोकं काढायचं. त्याचं नाव बाईंनी 'पाचवी ब' ठेवलं होतं. "मखमल, पाव सूत. दाढी, आहे तिथेच. पाचवी ब, पुन्हा रांग सोडून." एवढं झालं की थर्मासमधला चहा आणि घर. आठवड्याचे सहा दिवस हेडक्लार्क लोकांचं ऐकत. सातव्या दिवसाचा तो एक तास त्यांचा स्वतःचा होता. तो तास होता म्हणून बाकीचे सहा दिवस निघत, हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे, आणि ती हेडक्लार्कच्या अब्रूला धरून नाही. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअरसाहेब राहत. टाकी गळते ही गोष्ट त्यांना जिवाला लागली होती. दरवर्षी ते पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज देत आणि अर्ज यायचा तो नेमका हेडक्लार्कच्या टेबलावर. हेडक्लार्क शिक्का मारून पोच देत आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सारत. असे अकरा अर्ज झाले होते. जिन्यात गाठ पडली की साहेब विचारत, "काय हेडक्लार्क, आमच्या अर्जाचं काय झालं?" आणि हेडक्लार्क म्हणत, "कार्यवाही चालू आहे." बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेला हा एकच गैरव्यवहार. आणि माणूस सरळ असल्यामुळे त्याचं प्रायश्चित्तही ते घेत होते. पूर्वी ते दोन बादल्या पाण्याने आंघोळ करीत, ते अर्ध्या बादलीवर आले. म्हणजे गळणाऱ्या दोन बादल्यांपैकी दीड बादली ते रोज आपल्या अंगावर भरून काढीत होते. उरलेली अर्धी त्यांनी सरकारच्या नावावर टाकली होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मेहुणी राहायला आली.

मेहुणी फोनवर कुंड्यांमधल्या झाडांचे व्हिडिओ टाकत असे आणि ते पुष्कळ लोक बघत. रविवारी सकाळी भावोजी स्टूल घेऊन कुठे जातात म्हणून ती मागोमाग आली आणि ऐन अबोल अर्ध्या तासात फोन समोर धरून म्हणाली, "भावोजी, तुम्ही इथे नेमकं काय बघता?"

इथे हेडक्लार्कनी गप्प बसायला हवं होतं. बोट ओठावर ठेवायला हवं होतं. पण अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी खिशातून कंगवा काढून केस सारखे केले आणि ते वीस मिनिटं बोलले. बाईंनी चष्म्यावरून तीनदा पाहिलं, पण पाणी एकदा वाहायला लागलं की लागलं. मेहुणीने त्यातलं एकच मिनिट ठेवलं. त्यात हेडक्लार्क म्हणत होते, "ही भिंत घाई करत नाही. म्हणून मी येतो." बरं, एवढ्यावरही भागलं असतं. पण ज्या माणसाने बावीस वर्षांत खिडकीवर आलेल्या कुणालाही सरळ पत्ता सांगितला नव्हता, त्याने कॅमेऱ्यापुढे टाकीचा पत्ता खुणेसकट सांगितला, आणि "कधीही या" असंही वर म्हटलं.

पुढच्या रविवारी नऊ माणसं आली. खोटं कशाला बोला, हेडक्लार्कना आनंद झाला. त्यांनी आपलं स्टूल एका नवख्याला दिलं, स्वतः उभे राहिले आणि मामाची टोपी दाखवली. त्यापुढच्या रविवारी साठ आली. सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, की सुरुवात कशी करायची. डोळे उघडून, असं हेडक्लार्क म्हणाले, पण ते कुणाला पुरेसं वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मात्र नेमकं समजलं. त्याने भिंग, दिवा, मऊ ब्रश आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्या एका पिशवीत घालून काचेत मांडल्या. मग शेवाळी रंगाची जाकिटं आली. त्यांच्या पाठीवर 'मी घाई करत नाही' असं छापलेलं होतं, आणि ती घालून लोक पुढची जागा धरायला धावत येत.

घरी हेडक्लार्कचा भाव वाढला, हे मात्र खरं. फिरायला जाणारा नवरा एकदम संस्थापक झाला. बायको शेजारणींना "ह्यांनीच सुरू केलं बरं का" म्हणून सांगू लागली आणि चहात साखर न मागता पडू लागली. कार्यालयातला शिपाईसुद्धा विचारून गेला की न्हाणीघरातल्या कोपऱ्यात जे येतं ते शेवाळच का, आणि असेल तर बायकोला घासू द्यावं की नाही. फक्त इंजिनिअरसाहेबांवर काही परिणाम झाला नाही. ते जिन्यात म्हणाले, "लोक कौतुक करतात म्हणून गळती गळायची राहत नाही. अर्जाचं बघा."

दोन महिन्यांत मंडळींत तट पडले. शेवाळावर पाणी फवारावं म्हणणारे एका बाजूला, फवारणं म्हणजे अन्याय म्हणणारे दुसऱ्या बाजूला. फोनवरच्या गटातून निम्मे रुसून बाहेर पडले आणि त्यांनी दुसरा गट काढला. दोन्हींकडून बाहेर पडलेल्यांनी तिसरा काढला. शेवटी या सगळ्यांना एकत्र ठेवायला महासंघ झाला. अध्यक्ष म्हणून जो तरुण निवडून आला त्याला शेवाळ लागून सहाच आठवडे झाले होते, पण तो स्वतःला शेवाळ-मार्गदर्शक म्हणवून घेत असे आणि त्याचा आवाज मोठा होता. पहिल्याच दिवशी त्याने बाईंना, "आजी, दोन हात मागे उभ्या राहा," असं सांगितलं. छत्तीस वर्षं वर्गाला मागे उभं करणाऱ्या बाई दोन हात मागे सरकल्या. शिंपीकाकांचा टेप प्रमाणित नाही म्हणून बंद झाला. अर्ध्या तासाच्या शांततेचं काय झालं हे विचारू नका. शांतता कशी पाळावी यावर कर्ण्यातून व्याख्यान होत असे.

मग ओळखपत्रं निघाली. प्राथमिक, मध्यम आणि निष्णात. त्यासाठी लेखी परीक्षा. हेडक्लार्क चांगली दोन पेनं घेऊन बसले. छायाचित्रं दाखवून नावं विचारली होती. त्यांनी मामाची टोपी, दाढी, मखमल असं वळणदार अक्षरात लिहिलं. पाचव्या चित्राखाली 'पाचवी ब (स्वभावाने द्वाड)' असं लिहून त्याखाली रेघही ओढली. निकाल लागला तेव्हा संस्थापकांना शून्य गुण आणि प्राथमिक ओळखपत्र मिळालं. दुपारची दोन चाळीसची वेळ ती त्या ओळखपत्रावरची. ते बिचारे गेलेही. उन्हात रांगेत उभे राहून पंधरा मिनिटांपैकी नऊ मिनिटं त्यांना समोरच्या जाकिटाची पाठ दिसली. घरी येऊन "छान होतं" म्हणाले. लाजेने दुसरं काही सुचलं नाही.

इतकं होऊनही भिंत होती तोवर आशा होती. लोकांची हौस म्हणजे पाहुणा, आज ना उद्या जाईल, असं हेडक्लार्क स्वतःला सांगत. पण एका रविवारी जाकीट घातलेली एक बाई ओल्या फरशीवरून घसरली. तिला लागलं नाही, पण जाकीट खराब झालं. मंगळवारी हेडक्लार्कच्या टेबलावर महासंघाचं निवेदन आलं. त्याखाली आठशे बारा शेवाळप्रेमींच्या सह्या होत्या. मागण्या तीन. बसायला बाक द्यावेत, फरशी बदलावी, आणि 'सदर ठिकाणी सतत ओल असते, तिचं कारण शोधून ती कायमची बंद करण्यात यावी.'

हेडक्लार्कनी तिसरी मागणी तीनदा वाचली. मग टोपी घालून ते स्वतः अध्यक्षाकडे गेले आणि लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं की शेवाळाला पाणी लागतं. अध्यक्षाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तुमच्या भावना समजतात, पण हा विषय आता मोठा झाला आहे, असं तो म्हणाला. आठशे बारा लोकांच्या सोयीचा प्रश्न आहे, आणि त्यातून ती ओल वासही मारते.

परत येऊन हेडक्लार्कनी निवेदन गठ्ठ्याच्या तळाशी घातलं. अकरा वर्षं हाच उपाय लागू पडला होता. पण अर्जदार एक असला तर तो वाट बघतो. आठशे बारा असले तर त्यांतला एक तरी मोठ्या साहेबांचा भाचा निघतो. आठवड्याच्या आत मोठे साहेब अध्यक्षाला घेऊन टेबलापाशी उभे राहिले. त्याच वेळी इंजिनिअरसाहेब बारावा अर्ज द्यायला यावेत हा योग कुणी जुळवला कोण जाणे. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने गठ्ठा उचलला. खाली निवेदन. निवेदनाखाली अकरा अर्ज, वर्षवार लावून, नीट फीत बांधून. दाबून ठेवायचे म्हणून हेडक्लार्कनी ते विस्कळीत ठेवले नव्हते.

"हे कुणी थांबवलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

कामाचा ताण, अपुरा कर्मचारीवर्ग, कपाटाची किल्ली हरवणे, अशी बारा कारणं हेडक्लार्कना तोंडपाठ होती. पण इंजिनिअरसाहेब आपलेच अकरा अर्ज बघत उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता. आपण वेडे ठरलो असं वाटणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

"मीच," हेडक्लार्क म्हणाले. "गळती थांबली असती तर शेवाळ गेलं असतं, साहेब."

अध्यक्ष हसला आणि मोठ्या साहेबांना म्हणाला, "हे आमचे संस्थापक. जरा हळवे आहेत."

मोठ्या साहेबांनी तीन दिवसांत तीन प्रतींत खुलासा मागितला, त्याचं हेडक्लार्कना काही वाटलं नाही. 'जरा हळवे' मात्र जिव्हारी लागलं. आणि त्याच दिवशी, त्याच वळणदार अक्षरात, त्यांना दुरुस्तीचा हुकूम लिहावा लागला. विषय : टाकीची गळती तातडीने बंद करण्याबाबत. काम प्लंबरच्या नावावर निघालं, कारण त्या टाकीचे सांधे दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हते.

प्लंबर शिडी घेऊन निघाला तेव्हा हेडक्लार्कनी त्याला गाठलं आणि सांधा जरासा सैल राहिला तर, एवढंच विचारलं.

"साहेब, तीस वर्षांत माझ्या हातचा एक नळ गळलेला नाही," प्लंबर म्हणाला. "दुसरं काहीही मागा."

काम चोख झालं. तिसऱ्या आठवड्यात दाढी करड्या रंगाची झाली, मखमलीची पापडी झाली आणि मामाची टोपी वाऱ्याने पडली. हेडक्लार्क सोमवारपासून दोन बादल्यांनी आंघोळ करू लागले. आता कशाची भरपाई करायची उरली नव्हती. बायको बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत राहिली.

महासंघ मात्र डगमगला नाही. त्यांनी भिंतीला प्लॅस्टिकचं शेवाळ चिकटवलं. ते बाराही महिने हिरवं राहतं, जाकिटाला लागत नाही आणि फोटोत जास्त उठून दिसतं, असं सर्वांचं मत पडलं. काहींनी भिंगातून ते बघून खरं शेवाळ इतकं सुबक नव्हतं असंही म्हटलं. दोन महिने ते चाललं. मग कुणीतरी गंजलेल्या फाटकाचा व्हिडिओ टाकला आणि बघता बघता सगळी मंडळी गंजाकडे वळली. अध्यक्ष आता गंज-मार्गदर्शक आहे. जाकिटं विटकरी रंगात मिळतात.

एका रविवारी सकाळी सात वाजता चौघं आपापलं स्टूल घेऊन आले. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. नव्या बाकांवर कुणीच बसलं नाही. प्लॅस्टिकचा एक कोपरा सुटून वाऱ्याने फडफडत होता. अर्धा तास झाला. बाईंनी चष्म्याचं घर टक् केलं. शिंपीकाका उठले, त्यांनी प्लॅस्टिक एका हाताने वर धरलं आणि दुसऱ्या हाताने कोरड्या दगडाला टेप लावला.

"मखमल?" बाईंनी विचारलं.

"शून्य."

"दाढी?"

"शून्य."

"पाचवी ब?"

शिंपीकाका बराच वेळ ती फट बघत राहिले. "गैरहजर," ते म्हणाले. बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी वहीत 'रजेवर' असं लिहिलं. हेडक्लार्कनी वही बघितली आणि त्यांना रडू आलं. रुमाल काढून त्यांनी भिंगच पुसलं. प्लंबर मात्र चहा न घेता उठून गेला.

पुढच्या रविवारी तो त्यांना समोर बसूच देईना. स्टुलं उचलायला लावून तो तिघांना टाकीच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिकडे काटेरी झुडपं होती, पडके दगड होते आणि कुणी जायचं काही कारण नव्हतं. तिथेही तशीच दगडी भिंत होती, उघडीबोडकी. तिच्या फटींत कुणीतरी पुढच्या भिंतीखाली गळून पडलेल्या तपकिरी पापड्या खोचून ठेवल्या होत्या. आणि वरून एक थेंब पडला. थोड्या वेळाने आणखी एक.

"जादा पाणी जायचा पाइप आहे ना, त्याला एक आटा कमी दिलाय," प्लंबर खाली बघत म्हणाला. चोरी कबूल करावी तसा त्याचा आवाज झाला होता. "दिवसाला दोन बादल्या. मोजल्यात."

मेलेलं शेवाळ खोचून काय होणार, असं हेडक्लार्क म्हणाले. त्यावर बाईंनी त्यांना वर्गातल्या नजरेने गप्प केलं. ते मेलेलं नाही, वाळलेलं आहे, त्या म्हणाल्या. पाणी मिळालं की उठतं, पण त्याला वेळ लागतो. किती, ते त्यांनाही माहीत नव्हतं. चौघांनी स्टुलं मांडली आणि बघायला सुरुवात केली. बघण्यासारखं काहीच नव्हतं. अर्धा तास कुणी बोललं नाही.

सोमवारी इंजिनिअरसाहेब कार्यालयात हजर. टाकीच्या मागील बाजूने नवी गळती. अर्ज व्यवस्थित टाइप केलेला, सोबत आकृती. हेडक्लार्कनी शिक्का मारला, पोच दिली आणि खाली मान घालून म्हणाले, "कार्यवाही चालू आहे." साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. आता मात्र त्यांच्या तोंडावर हसू होतं. आपल्याला वेड लागलेलं नाही हे एकदा नीट समजलं की माणूस पुष्कळ सोसतो. "पुढच्या वर्षी येतो," म्हणून ते गेले. अर्ज तळाशी गेला. तिथे तो तीन प्रतींतला खुलासाही पडला होता; हेडक्लार्कनी तो लिहून ठेवला होता, पुढे सरकवायचा मात्र राहिला होता.

मंगळवारी सकाळी बायको न्हाणीघराच्या दाराशी आली. आत बादली अर्धीच भरलेली होती. तिने बादलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि बाहेर काढून ठेवलेल्या भिंगाकडे पाहिलं.

"किती गळतंय?" तिने विचारलं.

"दोन बादल्या."

"म्हणजे तुमची दीड वाचली तरी अर्धी राहतेच." तिने थोडा हिशेब केला. "मी अर्धी बादली कमी घेत जाईन."

हेडक्लार्क तसेच पंचा खांद्यावर टाकून उभे राहिले.

"आणि रविवारी मीही येईन," ती म्हणाली. "स्टूल आहे आपल्याकडे दुसरं. पण माझ्या बहिणीला यातलं एक अक्षर कळता कामा नये."